चोरीस गेलेली मूर्ती परदेशी लिलावात दिसली, तर कायदेशीर संशोधनाची सुरुवात कोठून करावी?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्या गावच्या देवस्थानातून २००० साली चोरीस गेलेल्या विष्णुमूर्तीसारखीच एक मूर्ती लंडनमधील एका लिलावगृहाच्या सूचीत आपल्याला दिसली. आपण नुकतीच वकिली सुरू केली आहे. सांस्कृतिक वस्तूंची बेकायदा आयात-निर्यात रोखण्यासाठी झालेल्या १९७० च्या युनेस्को कराराच्या बळावर मूर्ती परत मागता येईल असे धरून आपण त्या कराराचा आणि त्यावरील लेखनाचा अभ्यास आरंभला आहे, आणि ही दिशा बरोबर आहे का, असे विचारले आहे.

करार अवश्य वाचा, पण सुरुवात तेथून करू नका. या क्षेत्रात बरीच वर्षे काम केल्यावर माझे ठाम मत झाले आहे की अशी प्रकरणे लंडन किंवा न्यूयॉर्कमध्ये उभी राहत नाहीत. ती उभी राहतात देवस्थानाच्या दप्तरात, पोलीस ठाण्याच्या अभिलेखकक्षात आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात. चोरीच्या आदल्या दिवशी मूर्ती कोठे होती, कोणाच्या मालकीची होती आणि सूचीतील मूर्ती तीच आहे हे कशावरून, या तीन प्रश्नांची कागदोपत्री उत्तरे हाती असतील, तर कोणता ना कोणता कायदा उपयोगी पडतो. ती नसतील, तर उत्तमोत्तम करारही काही देऊ शकत नाही.

आधी कराराचे पाहू, कारण आपली भिस्त त्याच्यावर आहे. भारताने हा करार १९७७ साली स्वीकारला आणि ब्रिटनने २००२ साली. कराराच्या सातव्या कलमानुसार संग्रहालय, धार्मिक वास्तू किंवा सार्वजनिक स्मारक यांतून चोरलेली वस्तू परत मागता येते. मात्र ती मागणी दोन्ही देशांत करार लागू झाल्यानंतर चोरून नेलेल्या वस्तूंपुरती आहे, ती एका सरकारने दुसऱ्या सरकारकडे राजनैतिक मार्गाने करायची आहे, निष्पाप खरेदीदाराला न्याय्य भरपाई देण्याची तयारी ठेवायची आहे, आणि वस्तू त्या संस्थेच्या नोंदवहीत दाखल होती हे दाखवायचे आहे. आपली मूर्ती २००० साली गेली. त्या वर्षी ब्रिटन करारात नव्हता. म्हणजे ज्या कलमावर आपण विसंबला आहात, ते आपल्या प्रकरणाला शब्दशः लागू होत नाही. ब्रिटनने २००३ साली कलंकित सांस्कृतिक वस्तूंच्या व्यापाराला गुन्हा ठरवणारा कायदा केला. तोही त्या वर्षाच्या ३० डिसेंबरनंतर मूळ जागेवरून हलवलेल्या वस्तूंनाच लागू आहे. चोरीच्या सांस्कृतिक वस्तूंबाबतचा १९९५ चा युनिद्रुआ हा आंतरराष्ट्रीय करार खाजगी मालकालाही थेट परदेशी न्यायालयात दावा लावू देतो, पण भारत त्या करारात सहभागी नाही. ही वाट आपल्या सरकारने अजून का धरलेली नाही, याचा विचार व्हायला हवा असे मला मनापासून वाटते. आपल्या अशिलाला मात्र त्याचा आज उपयोग नाही.

हे वाचून निराश होऊ नका. नोंदवहीची जी अट करारात आहे, तीच वेगळ्या रूपाने सर्वत्र आहे, आणि संशोधनाची खरी दिशा तीच दाखवते.

पहिला निर्णय असा घ्यावा लागतो की आपली तक्रार चोरीची आहे की बेकायदा निर्यातीची. वर्तमानपत्रांत ही दोन्ही एकाच अर्थाने लिहिली जातात, न्यायालयात मात्र त्यांची फळे अगदी भिन्न आहेत. चोरी म्हणजे मालकीचा भंग. मालकाचा हक्क बहुतेक देशांची न्यायालये ओळखतात. बेकायदा निर्यात म्हणजे एका देशाच्या प्रशासकीय कायद्याचा भंग. दुसऱ्या देशाचे न्यायालय तो कायदा आपल्या भूमीवर अमलात आणायला सहसा तयार नसते. न्यूझीलंडच्या माओरी लोकांचे कोरीव लाकडी फलक परवानगीवाचून देशाबाहेर गेले आणि लंडनच्या लिलावात आले, तेव्हा न्यूझीलंड सरकारने दावा लावला. त्यांच्या १९६२ च्या कायद्यात अशी वस्तू सरकारजमा होईल असे शब्द होते. हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने, १९८३ साली निर्णय दिला की सरकारजमा होणे प्रत्यक्ष जप्तीनंतरच घडते. फलक जप्त न होताच देशाबाहेर गेले, म्हणून सरकार मालक झालेच नाही. ते फलक २०१४ मध्ये परत गेले ते पैसे मोजून. याउलट जिरोफ्त येथील उत्खननातील कोरीव भांड्यांबाबत इराणने लंडनच्याच एका कलादालनावर लावलेला दावा २००७ साली अपील न्यायालयाने ग्राह्य धरला, कारण इराणच्या १९७९ च्या कायद्याने अशा वस्तूंची मालकीच राष्ट्राकडे दिली होती. अमेरिकेतही हीच विभागणी आहे. मेक्सिकोच्या वस्तूंबाबतचा १९७७ चा मॅक्लेन निर्णय आणि इजिप्तच्या १९८३ च्या कायद्यावर आधारलेला २००३ चा शुल्ट्झ निर्णय यांतून असे ठरले की मूळ देशाच्या कायद्याने वस्तू राष्ट्राच्या मालकीची असेल, तर तिचा व्यापार हा अमेरिकेत चोरीच्या मालाचा व्यापार ठरतो.

आता आपला १९७२ चा पुराणवस्तू व कलानिधी कायदा या दृष्टीने वाचून पाहा. तो ५ एप्रिल १९७६ रोजी अमलात आला. शंभर वर्षांपेक्षा जुनी मूर्ती, पंचाहत्तर वर्षांपेक्षा जुनी हस्तलिखिते यांची निर्यात केंद्र सरकार किंवा त्याने अधिकृत केलेली संस्था यांखेरीज कोणालाही करता येत नाही. व्यापाराला परवाना लागतो. ठरावीक वर्गातील वस्तूंची नोंदणी करावी लागते. बेकायदा निर्यातीला सहा महिने ते तीन वर्षे कैद आहे. पण सर्व पुराणवस्तू राष्ट्राच्या मालकीच्या आहेत, असे हा कायदा कोठेही म्हणत नाही. म्हणूनच केवळ या कायद्यावर उभारलेली मागणी परदेशी न्यायालयात लंगडी पडण्याचा धोका असतो. जमिनीतून निघालेल्या ठेव्यासाठी १८७८ चा निखात निधी कायदा आहे आणि त्यात जिल्हाधिकाऱ्यांना वर्दी देण्याचे बंधन आहे. पण गाभाऱ्यातून उचललेल्या मूर्तीला तो लागू नाही. तात्पर्य, आपल्या प्रकरणात बळकट पाया एकच आहे. मूर्ती देवस्थानाच्या मालकीची होती आणि ती चोरीला गेली. १९७२ चा कायदा त्याच्या मागे दुसरी फळी म्हणून उभा करा. निर्यातीचा परवाना नव्हता आणि असू शकत नव्हता, ही गोष्ट खरेदीदाराच्या सद्भावनेवर संशय निर्माण करायला फार उपयोगी पडते.

मालक कोण, या प्रश्नावर पत्तूरच्या नटराजाचा निकाल मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला आधी वाचायला देतो. तमिळनाडूतील तंजावर भागातल्या पत्तूर गावी, शतकानुशतके पडक्या अवस्थेत असलेल्या एका शिवमंदिराच्या जागी, १९७६ साली एका भूमिहीन मजुराला खणताना ब्राँझच्या मूर्ती सापडल्या. त्यांतील नटराज हातोहात विकला जात लंडनला पोचला आणि १९८२ साली बंपर डेव्हलपमेंट या कॅनडाच्या कंपनीने तो खोट्या पूर्वेतिहासासह विकत घेतला. तपासणी व डागडुजीसाठी तो ब्रिटिश म्युझियममध्ये असताना लंडनच्या पोलिसांनी ताब्यात घेतला आणि कंपनीने पोलीस आयुक्तांवर दावा लावला. त्या दाव्यात भारत सरकार, तमिळनाडू सरकार, मंदिराच्या वतीने नेमलेला व्यवस्थापक, स्वतः मंदिर आणि तेथील शिवलिंग, असे सर्वजण हक्कदार म्हणून उभे राहिले.

कंपनीचा आक्षेप उघड होता. इंग्लंडच्या कायद्यात पडक्या मंदिराला व्यक्ती मानत नाहीत. मग ते दावा कसे लावणार? अपील न्यायालयाने १९९१ साली उत्तर दिले की भारतीय कायदा ज्याला कायदेशीर व्यक्ती मानतो, त्याला केवळ आपल्याकडे तशी पद्धत नाही म्हणून दार बंद करणे हे राष्ट्राराष्ट्रांतील सौजन्याला धरून होणार नाही. आपल्याकडे मूर्ती ही कायद्याने व्यक्ती आहे, हे तत्त्व प्रिव्ही कौन्सिलने १९२५ च्या मल्लिक प्रकरणातच मान्य केले होते. त्याचाच लाभ पत्तूरला मिळाला. पण माझ्या दृष्टीने त्या निकालाचा सर्वांत शिकण्यासारखा भाग पुराव्याचा आहे. लंडनमधला नटराज पत्तूरचाच, हे सिद्ध कसे केले? त्याच खड्ड्यातून निघालेल्या आणि भारतात राहिलेल्या इतर मूर्तींशी त्याची तुलना केली गेली: पृष्ठभागावर चिकटलेली माती, वाळवीने सोडलेल्या खुणा, धातूचे मिश्रण, घडणीची शैली. छायाचित्र नव्हते, नोंदवही नव्हती, आणि तरीही केवळ जमिनीने जपून ठेवलेल्या खुणांच्या जोरावर न्यायालयाची खात्री पटली. एवढा खटाटोप करावा लागला, कारण कागद नव्हता. ज्यांच्याकडे कागद आहे, त्यांनी तो आधी शोधावा.

महाराष्ट्रात तो कागद कोठे असतो, ते सांगतो. देवस्थान सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेले असेल, तर धर्मादाय कार्यालयातून परिशिष्ट १ ची, म्हणजे ज्याला आपण व्यवहारात पीटीआर उतारा म्हणतो त्याची, प्रमाणित नक्कल अर्ज करून घ्या. त्यात विश्वस्तांची नावे, स्थावर आणि जंगम मालमत्ता नोंदलेली असते. मूळ नोंदणीचा अर्ज आणि चौकशीचे कागदही मागा, कारण उताऱ्यात अनेकदा 'देवाच्या मूर्ती व भांडी' एवढेच असते आणि मूळ अर्जासोबतच्या यादीत मात्र मूर्तीचे नाव, धातू आणि उंची सापडू शकते. विश्वस्तांच्या बदलाचे अर्ज तपासा. सभांची इतिवृत्ते तपासा. एखादा व्यापारी पुढे म्हणू शकतो की मूर्ती विश्वस्तांनीच विकली होती, आणि असा ठराव कधी झाला नव्हता हे इतिवृत्तच सांगेल. देवस्थान पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीच्या अखत्यारीत असेल, तर तिच्या दप्तरात वेगळी नोंद शोधावी लागेल. जुन्या इनामी देवस्थानांच्या सनदा आणि चौकशीचे कागद पुण्याच्या पुराभिलेखागारात पाहावेत. गोव्यातील वाचकांसाठी एवढेच, की तेथे देवस्थाने १९३३ च्या माझानिया नियमावलीखाली महाजनांकडे आहेत, म्हणून शोधाची सुरुवात महाजनांच्या दप्तरातून आणि मामलेदार कचेरीतून होते.

यानंतर पोलीस ठाणे. २००० सालच्या फिर्यादीची प्रमाणित प्रत, घटनास्थळाचा पंचनामा आणि तपासाचा शेवट सांगणारा अहवाल मिळवा. अशा बहुतेक चोऱ्यांत अ समरी झालेली असते, म्हणजे गुन्हा खरा आहे पण आरोपी सापडला नाही असे सांगून न्यायालयाने तपास बंद करायला मान्यता दिलेली असते. काही वकिलांना अ समरी हा अडथळा वाटतो. आपल्यासाठी ती मोलाची आहे, कारण चोरी खरोखर घडली हे तिच्यावर न्यायालयाच्या शिक्क्यासह लिहिलेले असते, आणि नवा धागा मिळाल्यावर पुढील तपासाची मागणीही करता येते.

पंचनामा मात्र जपून वाचा. मी पाहिलेल्या कित्येक पंचनाम्यांत मूर्तीचे वर्णन 'एक जुनी पितळी मूर्ती, उंची अंदाजे दीड फूट, किंमत रुपये पाच हजार' अशा एका ओळीत उरकलेले असते. सूचीत तीच मूर्ती ताम्रमिश्रधातूची, बावन्न सेंटिमीटर उंचीची आणि लाखो रुपयांची म्हणून आलेली असते, आणि समोरचा वकील याच विसंगतीवर बोट ठेवतो. म्हणून वर्णनातील प्रत्येक फरकाचे स्पष्टीकरण आधीच तयार ठेवा: उंची प्रभावळीसह मोजली की प्रभावळीवाचून, पीठ वेगळे होते का, पितळी हा शब्द गावात सर्व पिवळ्या धातूंसाठी वापरतात का.

ओळख पटवण्याचा प्रश्न आपल्याकडे तमिळनाडूपेक्षा थोडा अवघड आहे. पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेने गेल्या शतकाच्या मध्यापासून दक्षिणेतील हजारो मंदिरांतल्या मूर्तींची पद्धतशीर छायाचित्रे काढून ठेवली. महाराष्ट्रातील गावोगावच्या देवस्थानांचे तसे काम झालेले नाही. शिवाय आपल्याकडील देव बहुधा वस्त्रांत आणि अलंकारांत असतो, कित्येक ठिकाणी वर मुखवटा असतो. जत्रेच्या, लग्नाच्या किंवा पालखीच्या छायाचित्रांत आपल्याला दिसतो तो चेहरा, हार आणि पितांबर. लिलावाच्या सूचीत असते ती उघडी मूर्ती, चारही बाजूंनी प्रकाश टाकून टिपलेली. तेव्हा अभिषेकाच्या वेळची छायाचित्रे शोधा, ती भाविकांच्या घरी सापडतात. मूर्तीला कधी वज्रलेप झाला होता का, ते विचारा. वज्रलेपाच्या आधी कारागीर झीज आणि भेगा नोंदवतो, कधी छायाचित्रेही काढतो, आणि त्या व्यवहाराचे बिल देवस्थानाच्या हिशेबवहीत असते.

आणि पुजाऱ्यांना भेटा. गुरव किंवा पुजारी असलेल्या ज्या माणसाने वीस-तीस वर्षे रोज त्या मूर्तीला स्नान घातले, चंदन लावले, तिचे अंग पुसले, त्याच्या बोटांना तिची प्रत्येक खूण माहीत असते: डाव्या कानाच्या पाळीची झीज, चक्राचा तुटलेला आरा, पाठीमागे ओतकामात राहिलेला खड्डा. माझी एकच कळकळीची विनंती आहे, ती अशी की त्यांना सूचीतील छायाचित्र आधी दाखवू नका. प्रथम त्यांच्या आठवणीप्रमाणे सर्व खुणा लिहून घ्या, शक्य तर हाताने आकृती काढून घ्या, तारीख घाला, प्रतिज्ञापत्र करून घ्या. मगच छायाचित्र दाखवा आणि दुसरे प्रतिज्ञापत्र करा. आधी चित्र दाखवले, की त्यांची सगळी आठवण प्रतिपक्षाच्या वकिलासाठी पढवलेली साक्ष होऊन बसते, आणि या प्रकरणातला सर्वांत सच्चा साक्षीदार वाया जातो. डिजिटल छायाचित्रांसाठी भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र त्याच वेळी घ्या. नंतर फोन बदलतो आणि मूळ फाइल मिळत नाही.

नोंदीचे महत्त्व किती, याचे एक उदाहरण पुरे आहे. नालंदा येथील पुरातत्त्व खात्याच्या संग्रहालयातून १९६१ साली चोरीस गेलेली बुद्धमूर्ती २०१८ च्या मार्चमध्ये नेदरलँड्समधील मास्ट्रिख्टच्या कलाप्रदर्शनात ओळखली गेली आणि त्याच वर्षी १५ ऑगस्टला लंडनच्या पोलिसांनी ती भारताच्या हवाली केली. सत्तावन्न वर्षे उलटली होती, १९७० चा करार चोरीनंतरचा होता. तरीही जुनी नोंद आणि जुने छायाचित्र दाखवल्यावर ताबेदारांनी वाद घातला नाही.

आता विक्रेत्याच्या बाजूकडे वळू. सूचीत मूर्तीखाली पूर्वेतिहास म्हणून दोन-तीन ओळी असतात: अमुक देशातील खाजगी संग्रह, तमुक सालापूर्वी संपादित. या ओळी संशयाने वाचायला शिका. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने २००८ साली पन्नास लाख डॉलरना घेतलेला नटराज तमिळनाडूतील श्रीपुरंथन येथील मंदिरातून काही वर्षांपूर्वीच चोरला गेला होता. न्यूयॉर्कचा व्यापारी सुभाष कपूर याने सोबत दिलेल्या कागदांत मात्र ती मूर्ती कित्येक दशके आधी दिल्लीत खरेदी झाल्याचे दाखवले होते. भारताचा १९७२ चा कायदा आणि १९७० चा करार यांच्या आधीची तारीख टाकण्याचा हेतू उघड आहे. हरवलेल्या कलाकृतींच्या आंतरराष्ट्रीय नोंदणीकडून 'आमच्या यादीत ही वस्तू नाही' असे प्रमाणपत्रही घेतले होते. गावातील चोरीची नोंद त्या यादीत कोणी केलीच नव्हती, मग ती वस्तू यादीत असणार कशी? पुदुच्चेरीच्या संस्थेची १९९४ ची छायाचित्रे पुढे आल्यावर सगळे कोसळले; सप्टेंबर २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी तो नटराज आणि वृद्धाचलमचा अर्धनारीश्वर दिल्लीत परत केला, आणि कपूरला नोव्हेंबर २०२२ मध्ये कुंभकोणमच्या न्यायालयाने दहा वर्षांची शिक्षा दिली. आपल्या मूर्तीची नोंद इंटरपोलच्या चोरीच्या कलाकृतींच्या कोशात आहे का, हे केंद्रीय अन्वेषण विभागामार्फत लगेच तपासा. नसेल तर आजच्या आज ती करवून घेण्यासाठी पोलिसांकडे पत्र द्या.

मूर्ती आज जेथे आहे आणि मधल्या काळात जेथे जेथे विकली गेली, त्या प्रत्येक जागेचा कायदा तपासावा लागतो, कारण जंगम वस्तूची मालकी हस्तांतराच्या वेळी ती जेथे होती त्या देशाच्या कायद्याने ठरते. इंग्लंडमधून चोरलेल्या जपानी कोरीव वस्तू इटलीत सद्भावनेने विकल्या गेल्या आणि पुन्हा लंडनच्या लिलावात आल्या, तेव्हा मूळ इंग्रज मालक १९७९ साली इंग्लंडच्याच न्यायालयात हरला, कारण इटलीच्या कायद्याने खरेदीदाराला पूर्ण मालकी मिळाली होती. मुदतीचा प्रश्नही असाच आहे. इंग्लंडच्या १९८० च्या मुदत कायद्यानुसार चोराला कितीही वर्षे गेली तरी संरक्षण नाही, पण चोरीशी संबंध नसलेल्या पहिल्या सद्भावी खरेदीपासून सहा वर्षांनी मूळ मालकाचा हक्क संपतो. मात्र ती खरेदी सद्भावी होती हे सिद्ध करण्याचा भार ताबेदारावर आहे. न्यूयॉर्कमध्ये मालकाने मागणी केली आणि ताबेदाराने नकार दिला, तेथून मुदत सुरू होते. १९९१ च्या गुगेनहाइम निर्णयात संग्रहालयाने चोरी पोलिसांना कळवली नव्हती तरी दावा मुदतबाह्य ठरला नाही, अवास्तव विलंबाचा मुद्दा मात्र ताबेदाराला खुला राहिला. सायप्रसच्या चर्चने चोरीस गेलेल्या मोझेइक चित्रांसाठी युनेस्कोपासून संग्रहालयांपर्यंत सर्वांना पत्रे लिहिली होती, आणि त्याच पत्रव्यवहाराच्या बळावर १९९० साली अमेरिकेच्या अपील न्यायालयात त्यांचा विजय कायम झाला. म्हणून एका मोठ्या कागदावर हस्तांतरांचा तक्ता करा: साल, शहर, विकणारा, घेणारा, तेथील कायदा, मुदत. रिकामी घरे रिकामीच ठेवा. ती भरण्याची जबाबदारी नंतर लिलावगृहावर टाकायची आहे.

लिलावाची तारीख जवळ असेल, तर हे सगळे पूर्ण होईपर्यंत थांबू नका. हाती असलेल्या कागदांवर लिलावगृहाच्या विधी विभागाला पत्र पाठवा: मालकीचा दावा, फिर्यादीची प्रत, जुळणाऱ्या खुणा, विक्री थांबवण्याची आणि विक्रेत्याकडील सर्व कागद जपून ठेवण्याची मागणी. त्याच दिवशी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक, लंडनमधील भारतीय उच्चायुक्तालय आणि लंडनच्या पोलिसांचा कलावस्तू विभाग यांना प्रती द्या. ब्रिटनमध्ये चोरीचा माल जाणूनबुजून हाताळणे हा गुन्हा आहे, मग चोरी परदेशात झालेली असली तरी. दावा लागल्याचे कळल्यावर बहुतेक लिलावगृहे वस्तू मागे घेतात, कारण वादग्रस्त मालकी विकणे त्यांच्या व्यवसायाला परवडत नाही. लोखरी येथील अजमुखी योगिनी इंग्लंडमधील एका घराच्या बागेतून जानेवारी २०२२ मध्ये भारताकडे आली, तीही न्यायालयाची पायरी न चढता. मूर्ती अमेरिकेत निघाली असती, तर मॅनहॅटनच्या सरकारी वकिलांच्या पुराणवस्तू तस्करीविरोधी पथकाला लिहा असे मी सांगितले असते. त्या पथकाने नोव्हेंबर २०२४ मध्ये एकाच वेळी १,४४० वस्तू भारताला परत केल्याचे जाहीर केले.

अनेक वाचक याच प्रश्नाला वाघनखांचा आणि कोहिनूरचा विषय जोडतात. तो वेगळा ठेवावा असा माझा आग्रह आहे. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाकडून जुलै २०२४ मध्ये साताऱ्यात आलेली वाघनखे तीन वर्षांसाठी उसनवार आली आहेत. मालकी संग्रहालयाचीच आहे. नागपूरकर रघुजी भोसले यांची तलवार राज्य सरकारने २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून सुमारे ४७ लाख रुपयांना विकत घेतली. पिप्रहवा येथे १८९८ साली मिळालेली रत्ने हाँगकाँगच्या लिलावातून भारत सरकारच्या नोटिशीनंतर मागे घेतली गेली आणि गोदरेज समूहाच्या खरेदीमुळे जुलै २०२५ मध्ये परतली. वसाहतकाळात गेलेल्या वस्तूंना आजचा चोरीचा कायदा पोचत नाही, म्हणून तेथे उसनवार, खरेदी आणि वाटाघाटी याच वाटा उरतात, आणि त्याही आदरणीय आहेत. आपली मूर्ती २००० साली कुलूप तोडून नेली आहे. तिच्यासाठी उसनवारीची किंवा खरेदीची भाषा बोलू नका. तशा एका वाक्यानेही आपण समोरच्याची मालकी मान्य केल्यासारखे होते.

शेवटचा मुद्दा बहुतेक जण विसरतात. परत आलेली वस्तू सरकारमार्फत येते, पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात जाते किंवा मुद्देमाल म्हणून न्यायालयात राहते. दिल्लीच्या पुराना किल्ल्यात परत मिळालेल्या पुराणवस्तूंचे वेगळे दालन आहे आणि तमिळनाडूत कित्येक मूर्ती तिरुवारूरसारख्या ठिकाणच्या सुरक्षित मूर्तिकेंद्रांत ठेवल्या आहेत, कारण मूळ मंदिरात पहारा नाही. आपल्या गावाला मूर्ती पुन्हा पूजेत हवी असेल, तर ती मागणी पहिल्या पत्रापासून लिहा. देवस्थानाच्या वतीने धर्मादाय आयुक्तांकडे रीतसर ठराव दाखल करा, गाभाऱ्याचा दरवाजा, कॅमेरे, विमा आणि रात्रीचा पहारेकरी यांचा लेखी आराखडा तयार ठेवा, आणि मुद्देमालाच्या ताब्यासाठीचा अर्ज मूर्ती विमानातून उतरण्याच्या आधीच दंडाधिकाऱ्यांसमोर असेल असे पाहा.